ज्युनिपर लेनची साक्ष

मंगळवारी सकाळी ज्युनिपर लेन ही गल्ली आपला इतिहास सांगायला स्वतःच नगरपालिकेच्या कचेरीत गेली.

नेवाडाच्या वाळवंटातलं ते जुगाराचं शहर. जुनं काही सांभाळायची त्या शहराला सवय नव्हती. हॉटेल म्हातारं झालं की त्याच्या खांबांना सुरुंग लावायचे, लोकांनी समोर खुर्च्या टाकून बघायचं आणि धुरळा बसायच्या आत नव्याचा पाया खणायचा. शेवटी कुणालातरी लाज वाटली आणि इतिहास जतन करण्याची कचेरी निघाली. प्रत्येक जुन्या वस्तीने समक्ष येऊन आपली हकीकत सांगावी, असं कचेरीने रेडिओवरून जाहीर केलं. ज्युनिपर लेनने ते ऐकलं आणि सांगितलं तसं केलं.

कुमुदिनी रेगे सकाळचं फिरून परतल्या तेव्हा गल्लीच्या जागी सपाट वाळू होती. घरं, टपालाच्या पेट्या, कण्हेरीची झुडपं, काही शिल्लक नव्हतं. गल्लीने जाताना माणसं तेवढी हलक्या हाताने बाहेर काढून ठेवली होती. शेजारची डोलोरेस गाऊनमध्येच उभी होती.

"साक्षीला गेली," डोलोरेस म्हणाली. "काल संध्याकाळपासून खाकरत होती, तेव्हाच मला वाटलं."

कुमुदताई लग्न होऊन देवरुखहून थेट या गल्लीत आल्या होत्या आणि उमेदीची सगळी वर्षं त्यांनी कसिनोत पत्ते वाटले होते. घर न सांगता गेलं याचा त्यांना राग आला नाही, पण ते नीट पोचलं की नाही ते बघायला हवं होतं. त्या कचेरीत गेल्या.

गल्ली कचेरीमागच्या पटांगणात लांबलचक उभी होती. नोंदणी अधिकारी मिस पेनरोज पहिल्या घराच्या पायरीवर बसून रेकॉर्डिंग करत होत्या. गल्ली एका गायिकेबद्दल बोलत होती. हॉटेलच्या मंचावर तिला टाळ्या मिळत, पण कातडी काळी म्हणून त्याच हॉटेलात खोली मिळत नसे. "मग ती माझ्याकडे झोपायला यायची," गल्ली म्हणाली. "सकाळी पायरीवर बसून केस वाळवायची. सगळी गल्ली त्या वेळी हळू बोलायची."

कुमुदताई पायरीजवळ येऊन थांबल्या. ही गोष्ट त्यांनाही ठाऊक नव्हती.

"संध्याकाळपर्यंत आटपेल ना?" त्यांनी विचारलं.

"आत्ताशी तिसऱ्या घरापर्यंत आलोय," मिस पेनरोज म्हणाल्या. "पण एक अडचण आहे. सूर्यास्ताला ज्या जागेवर वस्ती उभी नसेल ती जागा मोकळी धरतात. तुमच्या शेजारच्या 'सोनेरी उंट' कसिनोने ती मागितली आहे. गाड्या लावायला."

"मग हिला आत्ता घरी पाठवा. उद्या येईल परत."

"साक्ष मध्येच सोडता येत नाही. अर्धाच इतिहास असलेली वस्ती पाडायला परवानगी लागत नाही."

गल्ली बोलायची थांबली. "कुमुद," ती म्हणाली, "मी निघू का?"

कुमुदताईंनी शेवटच्या घरापर्यंत नजर टाकली. इतक्या वर्षांत या गल्लीला कुणी काही विचारलंच नव्हतं.

"तू बोल," त्या म्हणाल्या. "काही गाळू नकोस. जागेचं आम्ही बघतो."

दुपारच्या उन्हात त्यांनी सगळ्यांना वाळूवर गोळा केलं आणि जो तो आपापल्या घराच्या जागी उभा राहिला. म्हातारा ओटिस आयुष्यभर एका मोठ्या हॉटेलात दरवान होता. तो आपल्या घराचं दार झाला. डोलोरेस भिंत झाली. तिचं घर ऐसपैस, एकटी पुरेना, म्हणून तिने बहिणींना बोलावलं. गल्ली सोडून गेलेले जुने भाडेकरूही गाड्या काढून आले आणि न विचारता आपापल्या खोल्यांत उभे राहिले. कुमुदताई पूर्वेकडे तोंड करून आपल्या स्वयंपाकघरात उभ्या राहिल्या. कुणी बसलं नाही.

सूर्य टेकायला आला तेव्हा नगरपालिकेचे निरीक्षक हॅलोरन आले. सोबत कसिनोचे वकील होते.

"ही माणसं आहेत," वकील म्हणाले.

"नियमात वस्ती म्हटलंय," हॅलोरन म्हणाले. "ती विटांचीच हवी असं म्हटलेलं नाही. तपासावं लागेल."

त्यांनी ओटिसच्या खांद्यावर टकटक केली.

"कोण पाहिजे?" ओटिसने विचारलं.

"नगरपालिका."

ओटिसने हात बाजूला केला. हॅलोरन बूट झटकून आत गेले. मग ते कुमुदताईंपाशी आले. "हे काय?"

"स्वयंपाकघर."

"पाण्याची सोय?"

"आहे. सकाळी जोर बरा असतो."

वकिलांना घाई होती. ते वाळू तुडवत सरळ पलीकडे निघाले.

"अहो, भिंतीतून कुठं निघालात?" डोलोरेस ओरडली.

वकील दचकून मागे सरले. "माफ करा," ते म्हणाले आणि वळसा घालून, ओटिसला विचारून, दाराने आत आले.

हॅलोरननी हे सगळं शांतपणे पाहिलं. "वस्ती जागेवर आहे," ते म्हणाले. आपण काय करून बसलो ते वकिलांना उशिरा कळलं, पण तोवर सूर्य मावळला होता.

साक्ष संपवून गल्ली कोपऱ्यावर येऊन थांबली होती. साहेबांची गाडी गेल्यावर ती आत आली आणि घरं एकेका माणसाभोवती अलगद बसली. बोलून बोलून तिचा घसा पार बसला होता. कुमुदताईंनी ओट्यावर हात ठेवला. "सगळं सांगितलंस?"

"सगळं," गल्ली म्हणाली. "तुझंही."

त्या संध्याकाळी ज्युनिपर लेनमध्ये सगळे ताठ मानेने जेवले.

पुढच्या आठवड्यात मेस्कीट स्ट्रीटची पाळी होती. ती साक्षीला गेल्यावर तिथल्या लोकांनी कुमुदताईंना शिकवायला बोलावलं. त्यांनी एकेकाची जागा लावून दिली. शेवटी एक मुलगी उरली. ती नुकतीच तिथे राहायला आली होती.

"मला इथलं काहीच माहीत नाही," ती म्हणाली. "मी उभी राहिले तर चालेल का?"

कुमुदताईंनी तिला नीट न्याहाळलं.

"अंगण हो," त्या म्हणाल्या.