सदर चित्रपटाचं झाकलेलं तोंड

मौल्यवान वस्तू टिकवायची असेल तर ती वापरू नये, हे आपल्या समाजाने फार पूर्वी ओळखलं आहे. म्हणून चांगले कप शोकेसमध्ये राहतात, पाहुणे कान तुटलेल्या कपातून चहा पितात आणि टीव्हीचा रिमोट प्लास्टिकच्या पिशवीत आयुष्य काढतो. पेण-रोहा संयुक्त चित्ररसिक मंडळाने याच परंपरेत केलेली कामगिरी कोणीतरी लिहून ठेवायला हवी. मी मंडळाचा चिटणीस असल्यामुळे ती जबाबदारी माझ्यावर आली.

जानेवारीत मंडळाकडे एक पार्सल आलं. त्यात एका जुन्या रशियन विज्ञानपटाची डिस्क होती. परदेशातल्या कुणा तज्ज्ञांनी चार वर्षं खपून त्या चित्रपटाचा एकेक ओरखडा पुसला होता, उडालेले रंग परत आणले होते. (चित्रपटाचं नाव रशियन आहे आणि ते कुणालाच उच्चारता न आल्यामुळे कार्यवृत्तात 'सदर चित्रपट' अशी नोंद आहे.) डिस्क मागवण्याची सूचना पुंडलिकनानांची होती. नाना पेणजवळच्या रामवाडीचे, गणपतीच्या मूर्तींची आखणी करणारे, म्हणजे मूर्तीला डोळे काढणारे. पन्नास वर्षांत सव्वा लाख मूर्ती, म्हणजे अडीच लाख डोळे. (आकडेवारी मंडळाची. सोंडेमागे झाकलेले डोळे धरलेले नाहीत, कारण तसे नसतात.)

नानांनी हा चित्रपट चाळीस वर्षांपूर्वी धाटावच्या एका कामगार वसाहतीत, पांढऱ्या चादरीवर पाहिला होता. शेजारी रोह्याचा इद्रीस बसला होता; दोघांची दोस्ती तिथलीच. अकरा वर्षं अंतराळात एकट्याने काढलेला माणूस शेवटी बर्फातून चालत आपल्या घरी येतो, दार ठोठावतो आणि वीज गेली. सकाळची शिफ्ट होती, लोक उठून गेले. दार कोणी उघडलं, हे नाना तेव्हापासून विचारत आहेत. आता त्यांना काचबिंदू झाला आहे. डॉक्टरांनी सांगितलं, उरलेली नजर फार तर दिवाळीपर्यंत. (सदर चित्रपट मोबाईलवर कुठेही मिळत नाही. नानांची नात मृणाली हिने दोन महिने शोधून खात्री केली.)

पार्सल आमच्या अध्यक्षांच्या, बाबाजीशेठच्या गणपती कारखान्यात उघडलं. आतली पेटी फार देखणी होती. शेठनी ती बाहेर काढली आणि कारखान्यातून निघणाऱ्या प्रत्येक मूर्तीचं तोंड झाकणारा त्यांचा हात सवयीने पुढे झाला. पेटीवर लाल रुमाल पडला. झालं. पेणमध्ये एकदा झाकलेलं तोंड पाटावर बसवून पूजा झाल्याशिवाय उघडत नाहीत. रुमाल काढायचा कोणी, कुठे आणि कोणत्या मुहूर्तावर, असा प्रश्न उभा राहिला. वास्तविक तो शेठनीच उभा केला होता, पण तो आता सर्वांचा झाला.

इद्रीस त्याच दिवशी रोह्याहून मोटारसायकलवर आला. डिस्क लावायचं मशीन मंडळात फक्त त्याच्याकडे आहे. सौदीहून येताना त्याने आणलेलं.

"शेठ, मशीन घेऊनच आलोय," तो म्हणाला. "नानाला आत्ता दाखवून टाकू. दोन तासांचं काम हाय."

"अरे, असं तोंड उघडतात व्हय?" शेठ म्हणाले. "रीत हाय ना काय."

नाना कोपऱ्यात बसले होते. ते म्हणाले, "शेठ, मना फक्त दारापासून दाखवलं तरी चालंल."

चित्रपट मधूनच पाहण्याची ही वृत्ती रसिकतेला शोभणारी नाही, अशी नोंद मी केली.

पुढचं काम शिस्तीत झालं. फेब्रुवारीत अनावरण उपसमिती नेमली. मार्चमध्ये रोहेकरांनी हरकत घेतली, की मंडळ संयुक्त असल्याने रुमालाचं एक टोक रोह्याच्या हातात हवं. एप्रिलमध्ये दोन्ही बाजूंची बैठक कोलाडच्या हायवेवरच्या एका हॉटेलात झाली. (रोहेकरांना ते जवळ पडतं, पेणकरांना पार लांब, म्हणून ते तटस्थ ठरलं.) मिसळ चांगली होती. मे महिन्यापासून पेणमध्ये गणपतीचा हंगाम, कुणाला मान वर करायला फुरसत नाही. नानांनी त्या हंगामात चाचपडत अकरा मूर्तींची आखणी केली. सप्टेंबरमध्ये प्रमुख पाहुणे ठरले, ऑक्टोबरमध्ये ते आजारी पडले. दरम्यान दिवाळी झाली. नोव्हेंबरमध्ये पाहुणे बरे झाले आणि डिसेंबरच्या पहिल्या रविवारी सकाळी अकराला पेणच्या एका सभागृहात रुमाल निघाला. दोन टोकं, दोन तालुके, टाळ्या.

नानांना पहिल्या रांगेत मधली खुर्ची दिली होती. मंडळ ज्येष्ठांचा मान राखतं. नाना काठी टेकत आले आणि पडदा कुठल्या बाजूला आहे ते विचारून तिकडे तोंड करून बसले.

चित्रपट अप्रतिम दिसला. एक ओरखडा नाही. काळा रंग इतका काळा, की सभासद मधूनमधून 'वा' म्हणत होते. शेवटी बर्फ आला, दारावर थाप ऐकू आली आणि नाना खुर्चीत पुढे सरकले.

"कोण?" त्यांनी विचारलं. "कोण उघडतंय रं दार?"

"नाना, दाराचं लाकूड बघा तुम्ही!" मागून एक सभासद म्हणाला. "रेघ न् रेघ दिसतेय."

"बर्फात निळी झाक हाय, ती मूळचीच का हो?" दुसऱ्याने विचारलं. त्यावर चर्चा सुरू झाली आणि मी ती लिहून घेऊ लागलो.

इद्रीस मशीनजवळून उठला, नानांशेजारी जमिनीवर बसला आणि त्यांच्या कानात काहीतरी बोलला. नानांनी मान हलवली. मग त्यांनी दोन बोटांत कुंचला धरल्यासारखा हात वर केला.

"नि डोळे?" ते म्हणाले. "डोळे कसे हायत?"

इद्रीसने मान वळवून पडद्याकडे पाहिलं. "भरून आलेत, नाना."

नानांनी हवेत दोन डोळे काढले, आधी डावा, मग उजवा. मला फार वाईट वाटलं. तसा ठराव झालेला नसल्याने त्याची नोंद नाही.

डिस्क पुन्हा पेटीत आणि पेटी रुमालाखाली गेली आहे. आता तुम्ही विचाराल, की दार कोणी उघडलं? मला ठाऊक नाही. मी तेव्हा निळी झाक लिहून घेत होतो. तुम्ही आम्हाला खुशाल हसा. फक्त थोडं मागे जाऊन पाहा. प्रमुख पाहुण्यांच्या आजारपणानंतर तीन शब्दांचं एक वाक्य आहे, ते तुम्ही कितीशा वेळात ओलांडलंत? सभासदत्वासाठी आम्ही तेवढीच पात्रता पाहतो. अर्ज माझ्याकडे मिळेल.