रॉकसाहेबांची मोटार तापली ते हकीकत

मालवण बंदराचे किनारीं वसणारे, जुने पांढरे मोटारीचे धनी राजमान्य रॉकसाहेब, यांचे कुटुंब सबीनाबाई यांणीं आम्हां शेजाऱ्यांस कुंपणावरून हुकूम केला कीं, लेकीचे लग्नांत मोटारीनें जो आकांत मांडिला त्याची हकीकत यथास्थित लिहून ठेवणें, नाहींतर विठोबा तांडेल बंदरावर बसून सगळें यश आपले पदरीं पाडून घेईल. त्याजवरून कलम हातीं घेतलें. पडवींतून आणि वऱ्हाडांत डोळां देखिलें, व मोटारींतलें मेल्विनाबाईचे तोंडून ऐकिलें, तेंच लिहितों. वाडीनें तिखटमीठ लाविलें असेल तें वाडीपाशीं.

साहेबांची एकुलती कन्या मेल्विनाबाई, तिचा विवाह कसालाकडील इगर्जेंत, म्हणजे नवरदेवाचे गांवचे चर्चमध्यें, मुक्रर जाहला. आणि साहेबांचे मनीं एकच हट्ट कीं, कन्या इगर्जेचे दारीं उतरेल ती आपलेच मोटारींतून. या मोटारीनें तीस शाळेस नेली, गोवर आला तेव्हां डॉक्टराकडे नेली, आणि आतां लग्नाचे दिवशीं दुसऱ्याचे मोटारींत बसवावी म्हणजे आपण बाप कसले, मागून चालणारे वऱ्हाडी, ऐसें वाटून त्यांचा जीव तुटे. परंतु मोटार ऐशी कीं चढण लागतांच तापे, काटा तांबडे रेघेवर जाई, आणि नाकांतून वाफेचा लोट उठे. इकडे सबीनाबाईंचे बंधू क्रिस्टोफरसाहेब गोंयाहून नवी कोरी, थंड हवेची मोटार घेऊन आठवडाभर आधींच दाखल. बोलण्यांत साखर, बोटांत किल्ली. रोज चहाचे वेळीं सांगत, "कित्याक त्रास घेता? म्हजी गाडी आसा मरे." आणि साहेब अर्धा चहा टाकून उठत.

मग साहेबांनीं आपले जिवलग विठोबा तांडेल यांस पाचारण केलें. तांडेल म्हणजे मच्छीमारी लाँचीचे मुख्य. लाँचींचीं इंजिनें खोलण्यांत बंदरीं त्यांचा मोठा दरारा. मोटार त्यांणीं उभ्या जन्मांत खोलिली नव्हती, परंतु इंजिन तें इंजिन, ऐसें म्हणून बाह्या सरसाविल्या. पाहतात तों पुढला पंखा मेलेला. तत्काळ कुडाळचे भंगारवाल्याकडून दुसरा पंखा आणविला, आणि तांडेलांनीं आपले अकलेनें तारा जोडिल्या, आणि पंखा भणभणूं लागतांच तमाम वाडी खूष जाहली. तिसरे प्रहरीं खासा स्वारी निघाली, ती वाटेवरील कट्टा गांवाचे अलीकडेच चढणीवर उकळली. दोघे सरदार गाडी ढकलीत परतले.

मग फितुराचा कसून तपास आरंभिला. प्रथम रेडिएटरचे झांकणावर आळ आला कीं तें दाब धरीत नाहीं; तें बदलिलें, तरी मोटार तापली. मग थर्मोस्टॅटवर वहीम गेला. तो म्हणजे पाण्याचे वाटेवरला दरवाजा, पाणी ऊन होतांच उघडणें हें त्याचें काम. त्याची परीक्षा घ्यावी म्हणून दोघांनीं त्यास टोपांत घालून चुलीवर चढविला, तों सबीनाबाई कमरेवर हात देऊन बोलल्या, "पेजेच्या टोपात मोटारीचा आतडा शिजवतास? मगे पेज खंय करू?" टोप कामांतून गेला, दरवाजा मात्र उकळते पाण्यांत चोख उघडला आणि निर्दोष सुटला. मग रेडिएटर धुतला, मग पट्टा तपासिला, मग पंप पाहिला, तो थेंबभर गळेना. तेव्हां तांडेलांनीं मसलत दिली कीं आंत समुद्राचें पाणी भरावें, लाँच जन्मभर त्याजवरच थंड राहते. साहेब एरवीं मऊ माणूस. परंतु ते दिवशीं त्यांणीं भरली बादली हिसकावून माडाचे बुडाशीं ओतिली, आणि सांजपावेतों दोघे स्नेही एकमेकांशीं बोलले नाहींत.

लग्नाचे आदले दिवशीं मोटार पुनः उकळली. तेव्हां सबीनाबाईंनीं निर्वाणीचा हुकूम सोडिला कीं, आतां पुरे, पोर मामाचे मोटारींतून जाईल. साहेब फडकें घेऊन मोटार पुसत राहिले. त्यांस रडूं आलें होतें; लाजेचें असो वा दुःखाचें, आलें होतें हें खरें.

लग्नाचे सकाळीं दोन्ही मोटारी दारीं उभ्या, दोहोंचे नाकाशीं रेशमी रिबिनी बांधिलेल्या. क्रिस्टोफरसाहेबांनीं आंतली हवा गार व्हावी म्हणून इंजिन चालू ठेविलें होतें. रॉकसाहेबांनीं आपलें इंजिन तसेंच, उगीच, आशा सुटत नाहीं म्हणून चालू ठेविलें होतें, आणि तेंही तापून त्याचा पंखा फिरत होता. इतक्यांत शुभ्र पोशाखांत मेल्विनाबाई फोटोकरितां बाहेर आली, दोहों मोटारींकडे पाहून थबकली, आणि बोलली, "मामाच्या गाडयेची रिबन जाळयेक चिकटली हा, आमची भायर उडता. पप्पा, आमचो पंखो उलटो फिरता."

तमाम वऱ्हाड मोटारींचे नाकापाशीं लोटलें. पंख्यानें बाहेरची गार हवा आंत ओढावी, तो आंतली ऊन हवा बाहेर फुंकीत होता, आणि मोटार धावतां समोरून येणाऱ्या वाऱ्याशींच झुंजत होता. तांडेलांस जाब पुसला. ते मान खालीं घालून म्हणाले, "लाँचीच्या इंजिनघरातलो पंखो गरम हवा भायर टाकता. म्हणान मी हंयसरय तसोच लावलंय." म्हणजे पंखा आला तेव्हां सरळ होता, आणि तो यांणीं मुद्दाम उलटा केला होता. लोकांस वाटलें, आतां रक्तपात होतो. परंतु साहेबांनीं मुकाट्यानें पक्कड पुढें केली, आणि तांडेलांनीं दोन तारांची अदलाबदल केली, आणि रिबन उलटून जाळीस जी चिकटली ती सुटेना. सबीनाबाईंनीं आदले दिवशींचा हुकूम रद्द केला. साहेबांनीं फर्माविलें, "माझा चेडू माझ्या गाडयेतसून जातला."

मग कूच जाहलें. पुढें जुनी मोटार, साहेब सुकाणूवर, शेजारीं कन्या. मागें नवी मोटार, तिजमध्यें क्रिस्टोफरसाहेब, सबीनाबाई, तांडेल आणि गरज पडलीच तर म्हणून भरलेले पाण्याचे कॅन. कट्ट्याची चढण आली आणि गेली. काटा मधोमध बसला तो हलला नाहीं. वाट कशी सरली तें कळलें नाहीं, आणि इगर्जेची घंटा ऐकूं आली. साहेबांनीं इंजिन बंद केलें, परंतु खालीं उतरेनात. कन्या म्हणाली, "पप्पा, पावलंव मां." साहेब काट्याकडे पाहत बोलले, "होय गो. येकदा तरी तापाक होयी होती. वायच झाडाच्या सावळेक दोघांय उभे रवलंव असतंव."

ती बापाचा हात धरून बसली, आणि बाहेर वऱ्हाड खोळंबलें. मग साहेबांनीं खालीं उतरून स्वहस्तें दार उघडिलें आणि कन्येस आंत नेली. येणेंप्रमाणें मोहीम फत्ते जाहली, मोटार थंड राहिली, हा विजय रॉकसाहेबांचे नांवें येथें कायम केला आहे. परततांना साहेब एकटेच मोटारींत होते, आणि तेव्हांही ती कोठें तापली नाहीं.