तात्पुरते बांधकाम, वय शहात्तर

पदपथ सर्वांच्या मालकीचा असतो, म्हणूनच त्यावर एकाला बसायचे झाल्यास परवानगी लागते. हे तत्त्व इतके न्याय्य आहे, की किल्ल्या बनवणाऱ्या बाईंना ते ऐकताक्षणी पटले. त्यांचे दुकान एक यंत्र, एक स्टूल आणि स्वतः बाई एवढ्यातच भरून जाई. म्हणून गुडघ्यांनी राजीनामा दिलेले त्यांचे सासरे दाराबाहेर खुर्ची टाकून उन्हात बसत, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या चपलांवरून त्यांच्या घरची परिस्थिती ओळखत आणि सुनेला आत बातम्या पुरवत. घरी एकटे ठेवले की जेवत नसत.

बाई सरळमार्गी. त्यांनी पालिकेत अर्ज केला. (शेजारी रेतीचा ढीग, दुरुस्तीला आलेले दोन फ्रिज आणि एक बंद पडलेली मोटार सुखाने नांदत होते. त्यांच्यापैकी कोणाचाही अर्ज नव्हता.)

निरीक्षक तत्परतेने आले. त्यांनी खुर्ची मोजली, मग सासरे मोजले. अडचण वर्गवारीची होती. खुर्ची ‘साहित्य’ या सदरात बसली. सासरे मात्र विक्रीचा माल नव्हते, जाहिरात नव्हते, मंडपही नव्हते. शेवटी, जागचे हलायला वेळ लागतो हे प्रत्यक्ष पाहून, त्यांची नोंद ‘तात्पुरते बांधकाम’ अशी झाली. या सदरात हटवण्याची तारीख देणे बंधनकारक असते.

“आजोबा, तारीख काय घालू?”

“वरून अजून काही कळवलं नाही,” सासरे म्हणाले.

निरीक्षकांनी ‘वरिष्ठांचा निर्णय प्रलंबित’ असे लिहिले आणि तो येईपर्यंत जागा मोकळी ठेवायला सांगितले.

सासरे खुर्चीसकट आत आले. आता ते भिंतीकडे तोंड करून बसतात आणि प्रत्येक गिऱ्हाइकागणिक बाई त्यांना वळसा घालतात. बातम्या बंद झाल्या. जेवण निम्म्यावर आले.

मोकळ्या झालेल्या जागेवर त्याच दुपारी एक स्कूटर उभी राहिली. बाई पुन्हा पालिकेत गेल्या. साहेबांनी खुर्ची देऊन, शांतपणे समजावले.

“बाई, स्कूटरचा अर्जच नाही आपल्याकडे. मग मी नामंजूर काय करू? तुम्ही विचारायला आलात, तिथंच फसलात.”

स्कूटर कोणाची, याची चौकशी बाईंनी केली नाही. पाचच मिनिटांसाठी लावली असणार. तुम्ही-आम्ही तेवढ्यासाठीच लावतो. आणि उतरताना दुकानात भिंतीकडे तोंड करून कोण बसले आहे, हे बघायला पाच मिनिटे पुरत नाहीत.