पेशंटचं नाव पहिलं

लग्नाच्या पंगतीत माणसं जिलबीकडं बघतात, आमचे खरात डॉक्टर समोरच्याच्या पोटाकडं बघायचे. "जळजळ होते का? दुर्बीण घालून घेतली का? कुठं?" मठ्ठ्याचा घोट घशातच अडकायचा हो!

त्या वेळी दुर्बिणीनं पोट तपासणारे शहरात मोजकेच, नि एकाचं दुसऱ्याला कळायचं नाही. गारखेड्यातले डॉक्टर जखम 'तुरीएवढी' लिहायचे, औरंगपुऱ्यातले 'चिंचोक्याएवढी'. "हा दवाखाना आहे का धान्याचा मोंढा?" खरात करवादायचे. सगळ्यांच्या तपासण्या एकाच कॉम्प्युटरात आणायच्या, हे त्यांचं खूळ. वाळूजच्या एका कंपनीनं मोडीत काढलेला कॉम्प्युटर त्यांनी रिक्षातून मांडीवर घेऊन आणला नि माझ्या टेबलावर ठेवला. मी त्यांची टायपिस्ट. म्हटलं, झालं कल्याण!

मापाचा घोळ मिटवायला खरातांनी तोड काढली: दुर्बिणीतून आत जाणारा चिमटा उघडायचा, जखमेशेजारी धरायचा आणि त्या मापानं लिहायचं. हे सगळ्यांनी मानलं, तपासण्या येऊ लागल्या. भांडण पेटलं ते यादीत आधी नाव कुठल्या दवाखान्याचं यावरून. बाहेर नामांतराचे मोर्चे निघत होते, नि आत ही शिकलेली मंडळी हमरीतुमरीवर! खरात उठले. "विद्यापीठाच्या नावासाठी मी लाठ्या खाल्ल्यात. नावाची किंमत मला सांगू नका. इथं पेशंटचं नाव पहिलं, बास!"

तशी यादी लावली आणि गंगापूरच्या गयाबाईंचं नाव एकाखाली एक दोनदा आलं. आधी गारखेडा, काही महिन्यांनी औरंगपुरा. दोन्हीकडं नवीच जखम समजून गोळ्या दिलेल्या. चिमट्याच्या मापानं मात्र ती चांगलीच वाढलेली! खरात तडक एसटीनं गंगापूरला गेले, म्हातारीला घेऊनच आले. जखमेचा तुकडा काढून तपासला. कॅन्सर, पण अगदी सुरुवातीचा. ऑपरेशन झालं, गयाबाई वाचल्या. अहो, काय सांगू! भांडणारे डॉक्टर एकमेकांना पेढे भरवत होते, आणि मी त्या मोडीतल्या डबड्याला हळदकुंकू लावलं.

घरी जायच्या दिवशी गयाबाई पाया पडायला वाकल्या. "सायेब, लई उपकार झाले."

खरातांनी त्यांचे हात धरले. "माझी आई अशाच दुखण्यानं गेली. तीन दवाखाने फिरलो, एकाचं दुसऱ्याला माहीत नव्हतं. साहेब नका म्हणू, मावशी. मला अरे म्हणणारं आता कुणी राहिलं नाय."

गयाबाईंनी त्यांना खाटेवर शेजारी बसवलं, पाठीवर हात ठेवला.

"आरं, मग हुरड्याला शेतावर ये. आन् नाय आलास तर बघ!"