नेटपलीकडे बिबडे

टेनिसमुळे माणूस सुसंस्कृत होतो आणि ज्या गावात टेनिस नाही त्या गावाला संस्कृती नाही, असं आमच्या शेजारच्या नानांचं मत आहे. धुळ्यातल्या आमच्या कॉलनीत टेनिस खेळणारे नाना एकटेच. त्यामुळे बाकीच्यांचा निकाल लागलेलाच आहे.

नाना पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले. खात्याच्या क्लबात साहेबांसमोर खेळायला कुणी नसलं की यांना उभं करत, तेवढ्यावर शिकले. कॉलनीच्या मोकळ्या जागेत त्यांनी फक्की मारून कोर्ट आखलं, एरंडोलच्या मेहुण्याच्या केळीबागेतली हिरवी जाळी नेट म्हणून बांधली. शिकायला पोरं आली. "आधी इतिहास, मग हात," म्हणत नानांनी फ्रान्सपासून सुरुवात केली. तिथल्या मठांत साधू चेंडू नुसत्या तळहाताने मारत, रॅकेट फार उशिरा आली. ती येईपर्यंत पोरं क्रिकेटला निघून गेली.

मग मी उरलो. माझे गुडघे गेले तेव्हा, खरं सांगतो, मला हायसं वाटलं. नाना एवढंच म्हणाले, "शिकण्यासारखं यात एकच आहे. समोर कुणीतरी लागतं." घरातही ते एकटेच असतात. पुढे ते सर्व्हिस करत, चालत पलीकडे जात आणि तोच चेंडू उचलून तिकडून सर्व्हिस करत. आमच्याकडच्या उन्हात हे नुसतं बघूनही माणूस दमतो.

एप्रिलमध्ये पलीकडचं अर्धं कोर्ट बायकांनी बिबडे वाळवायला घेतलं. बिबडे म्हणजे ज्वारीचे पापड. खान्देशात त्यांच्यापुढे साधूंचंही चालत नाही. राखणीला मागच्या गल्लीतल्या अक्का, हातात काठी. पहिल्याच सकाळी नानांचा चेंडू बिबड्यांवर पडला.

"नाना, हाऊ चेंडू आते चुल्हामा टाकसू!" म्हणत अक्कांनी रागाने तळहाताचा फटका हाणला. चेंडू जाळीवरून येऊन बरोबर रेषेच्या आत पडला.

नानांनी रॅकेट खाली ठेवली. "अक्का, खेळाचं मूळ तुमच्या हातात आहे!"

"मना हातमा पीठ शे. मूळबीळ काही नही."

पण दुसऱ्या दिवशी त्या काठी बाजूला ठेवून उभ्या होत्या. मग रोज सकाळी दोघं तळहाताने चेंडू टोलवू लागले. अक्का शिव्या देत, नाना आभार मानत. मधल्या मधे शेळ्यांनी बरेच बिबडे खाल्ले.

मे सरत आला तशा अक्कांनी शेवटचे बिबडे उचलून वाळवणाच्या साड्या गुंडाळल्या. "बठ्ठा बिबडा वाळी गयात, नाना. आते मनं काय काम शे आठे?"

नानांनी चेंडू खिशात घातला आणि ते फ्रान्सचं नावही न काढता घरी गेले.

दुसऱ्या दिवशी स्कूटरवर ज्वारीचं पोतं घालून ते अक्कांच्या दारात उभे. मला पोतं धरायला नेलं होतं. "माझ्यासाठीही करा," नाना म्हणाले. "भरपूर करा. घाई नाही, सावकाश वाळू द्या."

अक्कांनी पोत्याकडे बघितलं, मग नानांकडे. "पहिले ज्वारी भिजाडनी पडस," त्या म्हणाल्या आणि पोतं आत ओढलं.

नानांना रक्तदाब आहे. डॉक्टरांनी त्यांचे पापड बंद केले त्याला बरीच वर्षं झाली.