किडनीवाले लांजेवार सर

सक्करदऱ्यातल्या आमच्या गल्लीत गटारासाठी तिसऱ्यांदा खोदकाम सुरू झालं, तेव्हा सगळे ठेकेदाराच्या नावानं बोटं मोडत होते. शेजारचे लांजेवार सर मात्र खड्ड्याच्या काठावर उभे राहून टाळ्या वाजवत होते.

"वा गा वा! पोटातलं बाळबी असंच करते. पहिली किडनी मानेपाशी बांधते अन् मोडते. दुसरी खाली बांधते, थोडे दिवस चालवते, तीबी मोडते. मग तिसरी! तिसरी खरी!"

मजूर फावडी टेकून ऐकत बसले. त्या दिवशीचं काम बोंबललं.

सर प्राणिशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. बायको, शालूताई, गेल्यापासून एकटेच राहतात. "तिसरी खरी" हे त्यांचं पालुपद. काटोलच्या पुतण्याला दोन मुलींनी नकार दिला, तर यांनी पेढे वाटले. पंगतीत बसले की वरणात बोट बुडवून ताटावर चित्र काढतात: ही नळी वाढत वाढत त्या गोळ्याला भेटली तर किडनी बनते, नाही भेटली तर ती बाजू रिकामी. शेजारच्याची भूक मरते. मी तर लग्नात आधी सर कुठं बसलेत ते बघते आणि मग जागा धरते.

गेल्या महिन्यात मात्र मीच त्यांना बोलवायला धावले. माझी लेक रुचा सातव्या महिन्यात, आणि सोनोग्राफीत बाळाला एकच किडनी दिसली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, एकीवरही माणूस छान जगतो. पण पोरीनं दोन दिवस अन्नाला हात लावला नव्हता. माझा जीव टांगणीला लागला होता.

सर चपला न घालताच आले. "काहून रडून राहिली वं? एका बाजूची नळी पोचली नसंल. दुसरी मोठी होते, दोघींचं काम करते."

"तुम्हाले सांगायले काय जाते, काका!" रुचा फणकारली.

"मलेबी एकच आहे. जन्मापासून. सत्तरी आली माझी."

रुचा रडायचीच थांबली. मग तिनं हळूच ताट पुढं ओढलं. मला तर हसूच फुटलं. जन्मभर पोरांना किडनी शिकवली आणि स्वतःच्या पोटात असा कारभार!

"तुम्हाले कधी समजलं, सर?" मी विचारलं.

सर रुचाच्या ताटात भाजी वाढत होते.

"शालूच्या दोन्ही खराब झाल्या तवा. तपासणीले गेलो होतो," ते म्हणाले. "तिले मोठ्या ऐटीत सांगून गेलो होतो, भिऊ नको वं, माझ्यापाशी दोन आहेत."