धाकटीची गोळी आणि अडलेले टँकर

आमचे बाबा डेअरीच्या फाटकावर दूध तपासतात. हे वाक्य आम्ही ज्या आवाजात म्हणतो, त्या आवाजात इतर घरांत 'आमचे बाबा न्यायाधीश आहेत' असं म्हणतात.

टँकर आला की बाबा नमुना काढतात, त्यात आपला थर्मामीटर बुडवतात आणि मग एक कागदाची पट्टी. पट्टीवर दोन रेघा उमटल्या तर टँकर आत. एकच उमटली तर दुधात अँटिबायोटिक आहे, म्हणजे कुणीतरी आजारी गाईला औषध देऊन तिचं दूध तसंच खपवलंय. टँकर आल्या वाटेनं परत. मग ड्रायव्हर गयावया करू दे नाहीतर स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडू दे. ड्रायव्हर त्यांना पाठीमागे 'गाळणी' म्हणतात. बाबांना हे माहीत आहे. त्यांना तो पुरस्कार वाटतो. मी त्याच डेअरीत पिशव्या भरायच्या यंत्रावर आहे. गाळणीचा मुलगा म्हणून कँटीनमध्ये मला कुणी सरकून जागा देत नाही. मला त्याचाही अभिमान आहे.

अशा घरात धाकटीला मुरुमं आली.

आली ती मुक्कामालाच आली. पूर्वी पाहुणे कंटाळून उठेपर्यंत बोलणारी माझी बहीण आता फक्त डाव्या बाजूनं दिसायची, नाण्यावरच्या राजासारखी. उजव्या गालाचा विषय घरात काढायचा नाही असं न ठरवता ठरलं होतं. मग एक दिवस तिच्या मैत्रिणीनं आईला सांगितलं, की धाकटी डबा खायला जिन्याखाली एकटीच जाऊन बसते. आईनं त्याच संध्याकाळी आम्हा सगळ्यांना त्वचेच्या डॉक्टरांकडे नेलं.

"लावायला मलम देते," डॉक्टरबाई म्हणाल्या, "आणि सोबत काही आठवडे अँटिबायोटिक."

बाबा खुर्चीत ताठ झाले. "म्हणजे हिच्यात अँटिबायोटिक सापडणार?"

"सापडायलाच हवं."

"मॅडम, मी उभ्या आयुष्यात ते कुणाच्या पोटात जाऊ दिलेलं नाही."

"तुमची मुलगी टँकर नाहीये."

"पण पोट बिघडलं तर? उद्या खरंच मोठं दुखणं आलं आणि औषध लागूच पडलं नाही तर?"

"काळजी बरोबर आहे तुमची. म्हणून तर मोजकेच आठवडे, आणि नुसती गोळी नाही, मलमही. मनानं मध्येच सोडायची नाही. काही त्रास वाटला तर मला फोन करा. आणि हो, गोळी पाण्याबरोबर. दुधाबरोबर नाही."

शेवटचं वाक्य त्यांनी बोलायला नको होतं. घरी आल्यावर बाबांनी स्टुलावर चढून गोळ्यांचं पाकीट कपाटावर ठेवलं.

"आधी चौकशी, मग गोळी."

"कुणाकडे चौकशी?" आईनं विचारलं.

"डेअरीतल्या डॉक्टरांकडे."

"अहो, ते गुरांचे डॉक्टर आहेत."

"अँटिबायोटिक तेच ना?"

आईकडे याचं उत्तर होतं, पण तेवढ्यात धाकटी उठून आत निघून गेली. गाल भिंतीकडे ठेवून.

सकाळी बाबांनी पाकिटातली एक कॅप्सूल काढली आणि पांढऱ्या कोटाच्या वरच्या खिशात टाकली, थर्मामीटरच्या शेजारी. चहाच्या वेळी ती गुरांच्या डॉक्टरांना दाखवली. ते म्हणाले, "मला गाईच्या गालावरचं काही कळत नाही. ज्यांनी दिलीये त्यांचं ऐका." बाबांनी कॅप्सूल परत खिशात कोंबली, जरा रागानंच, आणि फाटकावर गेले.

पहिला टँकर. एकच रेघ.

"परत."

"काका, पुन्हा एकदा बघा की."

पुन्हा बघितलं. एकच रेघ. दुसरा टँकर, एकच. तिसऱ्याचीही तीच गत. कुणीच ड्रायव्हर परत जायला तयार नव्हता, त्यामुळे थोड्या वेळात रांग पेट्रोल पंपापर्यंत गेली. आत माझं यंत्र मन लावून रिकाम्या पिशव्या चिकटवायला लागलं, तेव्हा ते बंद करून मी बाहेर आलो. बाबांची छाती इतकी फुगली होती, की कोटाचं बटण शेवटच्या धाग्यावर होतं.

"आज मी नसतो तर अख्खं शहर औषध प्यायलं असतं," ते म्हणाले. मी त्यांच्या शेजारी कमरेवर हात ठेवून उभा राहिलो. असे बाप रोज मिळत नाहीत.

मॅनेजरसाहेब पळत आले. त्यांनी कालची बंद पिशवी आणली, बाबांनीच पास केलेल्या दुधाची. एकच रेघ. मग शेजारच्या दुकानातून दुसऱ्या कंपनीची आणली. एकच रेघ.

"बघा, तेही तसलेच," बाबा म्हणाले, पण आवाजातली हवा जरा गेली होती.

गुरांच्या डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "इथल्या एकाही गाईला साधी सर्दी नाही. का तुमच्या मुलीसारखी सगळ्यांना मुरुमं आली?"

ड्रायव्हर हसले. मी हसलो नाही, कारण मी बाबांच्या खिशाकडे बघत होतो. पांढऱ्या कोटावर पिवळा डाग पसरला होता.

"बाबा, खिसा."

त्यांनी खाली बघितलं. थर्मामीटर उपसला, त्याच्याबरोबर फुटलेली कॅप्सूलही बाहेर आली. त्याचं टोक पिवळं होतं. प्रत्येक नमुन्यात आधी तोच बुडला होता.

त्या क्षणी त्यांना थर्मामीटर गुपचूप धुता आला असता. पट्ट्यांचा डबाच खराब निघाला म्हणता आलं असतं. मी डोळ्यांनी तसं सुचवलंही. पण गाळणी ती गाळणीच.

"दूध चांगलं आहे," बाबा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "खोट माझ्या खिशात आहे." कोट काढून त्यांनी मॅनेजरसाहेबांच्या हातात दिला आणि फाटकाबाहेर जाऊन, परत पाठवलेल्या टँकरशेजारी उभे राहिले. "आता दुसऱ्या कुणीतरी तपासा."

दोन रेघा. प्रत्येक टँकरला दोन रेघा.

"काका, कसली गोळी होती?" पहिल्या ड्रायव्हरनं विचारलं.

"माझ्या मुलीच्या मुरुमांची." विचारलं की खरं सांगायचं, हा त्यांचा नियम.

मॅनेजरसाहेब बराच वेळ ओरडत होते. त्या ओरडण्यातही मला माझ्या बापाइतका उंच माणूस तिथे दुसरा दिसला नाही. आणि बाबा तसे बुटके आहेत.

संध्याकाळी ते स्टुलावर चढले, पाकीट काढलं आणि पाण्याचा पेला घेऊन धाकटीसमोर बसले.

"घे."

"तुम्ही तर नको म्हणाला होतात."

"तेव्हा मला तिची ताकद माहीत नव्हती. थर्मामीटरच्या टोकाला चिकटली तेवढीनं अख्खा रस्ता अडवला. तुझ्या गालाचं काय घेऊन बसलीस? फक्त पोटात दुखलं तर लगेच सांगायचं, आणि मध्येच सोडायची नाही."

मग त्यांनी सगळं सांगितलं, कोट काढण्यासकट. धाकटी इतकी हसली, की हसता हसता पूर्ण आमच्याकडे वळली. दोन्ही गाल. धाकटीनं गोळी घेतली आणि अचानक थांबली.

"म्हणजे माझ्या मुरुमांचं सगळ्यांना कळलं?"

"छे, सगळ्यांना कुठे," बाबा म्हणाले. "फक्त ड्रायव्हरांना."

ती निर्धास्त झाली. एकेक ड्रायव्हर रोज किती गावं फिरतो, आणि आज उशीर का झाला हे त्याला प्रत्येक गावात सांगावं लागलं असणार, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.